बाईंच्या गावाचा भूगोल

माझे अक्षर चांगले नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी मेळ बसला नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी लिहायला बसले की आधी कोणाची तरी माफी मागावीशी वाटते, म्हणून मागते. मंगलच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीत मागची पाने कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. पाने चौकटींची आहेत. माझे अक्षर चौकटीत राहत नाही.

पितृपंधरवडा लागला आहे. या दिवसांत पाऊस गेल्यासारखा वाटतो. लोक छत्र्या खुंटीला लावतात, पाटीत मिरच्या वाळत घालतात आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला कुठून तरी ढग येऊन सगळे भिजवून जातात. गल्लीत रोज कोणाकडे तरी म्हाळ असतो. वडे तळल्याचा वास, भोपळ्याच्या भाजीचा वास आणि त्यात ओल्या भिंतींचा वास मिसळलेला असतो. कौलांवर कावळे बसलेले असतात. मला हा पंधरवडा सोसत नाही. आमच्या घरात गेलेली माणसे आहेतच, त्यांचे पान मी वाढते. पण ज्या बाईचे पान वाढायचा मला काही अधिकार नाही, तीच आधी आठवते.

मंगल, माझी धाकटी, तिसरीत आहे. चाचणी जवळ आली म्हणून सोप्यात बसून मोठ्याने पाठ करते. कोल्हापूर जिल्ह्याच्या उत्तरेला सांगली, दक्षिणेला बेळगाव, पश्चिमेला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आमच्या वेळी उत्तरेला दक्षिण सातारा होता. तो पाठ करून मी शाबासकी मिळवली होती. पुढे त्याची सांगली झाली. पश्चिमेला नुसती रत्नागिरी होती, आता तिच्यातून सिंधुदुर्ग वेगळा निघाला आहे. मी काल मंगलला म्हटले, "आमच्या वक्ताला सांगली न्हवती." ती म्हणाली, "मग काय समुद्र हुता व्हय गं तिथं?" आणि परत डोलायला लागली.

सीमा, नद्या, हवामान, पिके, बाजारपेठा, प्रेक्षणीय स्थळे. या क्रमाने मला दोनच ठिकाणे येतात. एक हा जिल्हा. दुसरे एक गाव आहे, ते मी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. ते चेक लोकांच्या देशात आहे. त्याचे नाव वर्बिना.

सहासष्ट साली उचगावच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याची यंत्रे त्या देशातून आली होती आणि ती बसवायला एक साहेब आले होते. त्यांना ताराबाई पार्कात कंपाउंडाचा बंगला भाड्याने घेऊन दिला होता. तिथे मी स्वयंपाकाला आणि वरकामाला लागले. मी पंचवीसची असेन. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. आमच्या ह्यांनी मला फाटकापर्यंत सोडले, तर मी फाटकातच उभी. साहेबांच्या बायकोने बाहेर येऊन माझा हात धरला आणि आत नेले. तिचे नाव लुडमिला होते. आम्ही सगळे मिलाबाई म्हणायचो, मी नुसते बाई म्हणत असे.

बाईंना इथे कोणी नव्हते. साहेब सकाळी जात ते दिवेलागणीला येत. बाई माझ्याबरोबर ओट्याशी उभ्या राहत आणि प्रत्येक वस्तूचे नाव विचारत. बटाट्याचे साल त्या इतके पातळ काढत की सालातून उजेड दिसे. पुढे अक्षरेही शिकायला लागल्या. मी परातीत पीठ पसरून बोटाने 'क' काढायची, त्या त्याच्याखाली काढायच्या. माझ्यासारख्या चौथीवालीला शिष्या मिळाली. बाई माझ्याकडूनच बोलायला शिकल्या, त्यामुळे आहे-नाहीच्या जागी हाय-न्हाय म्हणू लागल्या. एकदा साहेबांकडे मोठे अधिकारी चहाला आले होते. त्यांना बाई म्हणाल्या, "बसा की पावणं, च्या घेतल्याबिगार जायाचं न्हाय." ती माणसे पोट धरून हसली. मी आत शरमेने अर्धी झाले. घरी सासूबाईंना सांगितले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "गोरीला बी बिघडीवलीस म्हन की."

बाई मला माझ्याबद्दल विचारत. माझ्याबद्दल सांगण्यासारखे काय होते? म्हणून एकदा मीच धीर करून, पुस्तकात असे तसे विचारले, "बाई, तुमच्या गावाच्या सीमा सांगा."

बाई हसल्या. मग हातातला बटाटा खाली ठेवला. मला वाटले चुकले. पण त्या म्हणाल्या, "असं कोणी विचारत न्हाय. साहेब म्हणतो, तिथं बदकं आणि चिखल. साहेब मोठ्या शहराचा हाय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. उत्तरेला जंगल, त्यातली झाडे हिवाळ्यातही हिरवी राहतात. पूर्वेला रेल्वेचे ठेसन, पण ते गावापासून दीड कोसावर. रूळ घालायच्या वेळी गावातल्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला खळखळ केली म्हणून गाडी लांबून गेली. दक्षिणेला दोन तळी. पश्चिमेला मोठ्या शहराची सडक. नदी लहान आहे, तिच्या काठाला वाळुंजासारखी झाडे पाण्यात फांद्या सोडून उभी असतात, त्यांच्यावरूनच गावाचे नाव पडले. पिके बटाटा, राय नावाचे एक काळपट धान्य आणि खसखस. खसखशीची शेते असतात हे मला ठाऊकच नव्हते. मला वाटायचे ती दुकानातच होते.

दर शरदात तळ्यांचे पाणी सोडून देतात आणि चिखलात उतरून मासे धरतात. थंडीत त्यांच्या मोठ्या सणाला ते मासे लाकडी पिंपांत घालून चौकात विकायला आणतात. चौक लांबट आहे आणि उताराचा. वरच्या अंगाला कचेरी, तिच्या मनोऱ्यावर घड्याळ. ते चार मिनिटे मागे चालते आणि सारे गाव त्याच्याबरोबर चार मिनिटे मागे चालते. चौकाच्या दोन्ही अंगांना घरांच्या पुढे दगडी कमानी आहेत. पावसात, बर्फात माणसे कमानीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी जातात. मधोमध विहीर. बाजार गुरुवारी. आणि कोपऱ्यापासून तिसरी कमान बाईंच्या आईची. खाली दोरे-बटणांचे दुकान, वर खिडकी. त्या खिडकीत बसून म्हातारी बाजार बघते.

मला नुसते ऐकून राहत नसे. मागच्या पडवीला शहाबादी फरशी होती. एका गुरुवारी भांडी झाल्यावर मी रांगोळी घेऊन तिथे गाव काढले. चौक, कमानी, विहीर, तळी. बाई पदर खोचावा तसा झगा वर धरून भोवती फिरल्या आणि पायाच्या अंगठ्याने दाखवले, "विहीर इकडं सरक. अजून. हां." तेव्हापासून दर गुरुवारी मी गाव काढायची. बाई बाजार भरवायच्या. या कोपऱ्यात हंस विकणाऱ्या बाया, इथे मडकी, इथे लोकरीचे मोजे. मग दुपारी मी पाण्याने पुसून टाकायची. इतके दिवस काढले, पण कमानी मोजायला मी कधी चुकले नाही. वरच्या बाजूला अकरा, खालच्या बाजूला नऊ. खालच्या दोन जुन्या आगीत पडल्या त्या पुन्हा बांधल्याच नाहीत.

भूगोल झाल्यावर इतिहास. त्यांच्या राजाने गावाला बाजार भरवायची सनद दिली, तेव्हापासून ते गाव झाले, आधी नुसती वस्ती होती. ती सनद कचेरीत काचेखाली आहे. गाव दोनदा जळले. एकदा मोठी साथ आली आणि घरेच्या घरे गेली. जे राहिले त्यांनी वर्गणी काढून चौकात एक दगडी खांब उभा केला, वर देवाच्या आईची मूर्ती. हे मी आत्याबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी बी पिलेगात माळावर खोपीत हुतो. आई माझी तिथंच गेली. आमच्यात कुणी खांब बांधला?"  मग म्हणाल्या, "बरं केलं त्येनी."

पहिल्या लढाईत देवळाच्या घंटा उतरवून तोफांना नेल्या. एकच लहान ठेवली, मेलेल्यांसाठी वाजवायची. दुसऱ्या लढाईत देवळामागच्या आळीतली माणसे नेली. त्यांचा धर्म वेगळा होता. त्यांतल्या एका कापडवाल्याकडे बाई लहानपणी वेणीची फीत घ्यायला जायच्या. तो फीत मोजून वर एक वीत फुकट द्यायचा. एका सकाळी ती सगळी माणसे पेट्या घेऊन चौकात उभी होती आणि दुपारी चौक मोकळा होता. बाई म्हणाल्या, "आम्ही खिडकीतून बघितलं. आईनं पडदा लावला." हे सांगताना त्या फरशीवरच्या रांगोळीकडे बघत होत्या. मी त्या दिवशी देवळामागची आळी काढली नव्हती. त्यांनी चिमूट घेऊन ती स्वतः काढली, फार लहान.

चौकाचे नाव चारदा बदलले. मूळचा नुसता बाजारचौक, मग बादशहाचे नाव, मग दुसऱ्या कोणाचे, मग परक्यांचे, मग आणखी कोणाचे. आईचे दुकान सरकारजमा झाले आणि आई त्याच दुकानात पगारावर बसू लागली. तीच बटणे, तोच गल्ला, पण संध्याकाळी हिशेब दुसऱ्याला द्यायचा.

आईचे पत्र दर पंधरा दिवसांनी येई. जांभळी शाई, हिशेबाच्या वहीचे चौकटींचे कागद. बाई ते ओट्याशी उभ्या राहून वाचत आणि पहिले वाक्य मला मराठीत सांगत. ते ठरलेले असे. "घड्याळ अजून चार मिनिटं मागं हाय." एकदा लिहिले होते की कोणीतरी शहरातून येऊन ते बरोबर लावले आणि सगळ्या गावाची पंचाईत झाली. आठ दिवसांत ते आपले आपण पुन्हा मागे पडले. त्या दिवशी बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना एवढे हसताना तेव्हाच पाहिले.

मग अडुसष्ट साल आले. श्रावण सरत आला होता. एका सकाळी मी गेले तर साहेब कामाला गेले नव्हते. रेडिओ लावून दोघे जमिनीवर बसले होते. रेडिओतून खरखर जास्त येत होती. बाईंनी मला सांगितले, पण मला नीट कळेना. रात्रीत दुसऱ्या देशांचे रणगाडे त्यांच्या देशात शिरले होते. शत्रूचे नव्हेत, मित्र म्हणवणाऱ्यांचे. मी विचारले, "गावात बी?" बाई म्हणाल्या, "शहराची सडक."

मला एवढे पुरे झाले. मला भूगोल येत होता. पूर्वेकडून शहराकडे जायचे तर दुसरी वाटच नाही, चौकातूनच जावे लागते. ठेसनाचा रस्ता वर चढतो, खालच्या कोपऱ्यावर कमानींपाशी अरुंद होतो, तिथे दोन बैलगाड्यासुद्धा एका वेळी जात नाहीत, आणि त्या कोपऱ्यापासून तिसरी खिडकी आईची.   आम्ही दोघी एकच जागा बघत होतो.

त्यानंतर पत्र येणे बंद झाले. गणपती आले आणि गेले. गणूमामा म्हणून आमच्या भागाचे पोस्टमन होते, म्हातारे, दोन महिन्यांनी पेन्शनीत निघणारे. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की बाई फाटकाशी जात. गणूमामा लांबूनच हात हलवायचे. "आज बी न्हाय बाई. आलं की घंटी वाजवतच येतो बघा." गुरुवारी मी रांगोळी काढायला बसले तर बाई म्हणाल्या, "नको, पार्वती. आता तिथं काय हाय, माहीत न्हाय."

पितृपंधरवडा लागला. आत्याबाई या दिवसांत फार कडक. नवे काही आणायचे नाही, केस विंचरून बाहेर टाकायचे नाहीत. आणि एक नियम त्यांचा बारा महिने होता. मयताचे पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. बाहेरच वाचायचे, वाचून फाडायचे, हातपाय धुवायचे आणि मग घरात यायचे. पत्र आत आणले तर माणसाच्या मागोमाग दुसरे जाते. माझा दीर बेळगावला वारला तेव्हाचे कार्ड त्यांनी अंगणातच फाडले होते. मी त्यांच्याच घरात वाढल्यासारखी. माझ्या डोक्यात दुसरे काही येतच नसे.

साहेब आणि बाई चौकशीसाठी मुंबईला गेले. त्यांच्या सरकारचे माणूस तिथे होते, त्याच्याकडून काही कळते का ते पाहायला. मी सकाळी येऊन घर झाडून, कुंड्यांना पाणी घालून दुपारी जात असे. तिसऱ्या दिवशी ऊन पडले होते. गणूमामांनी खरोखरच घंटी वाजवत सायकल आणली, पण फाटकाशी आल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता.

"परदेशी हाय," ते म्हणाले. "बाईंच्याच हातात दे. कड बघ."

पाकीट जाड होते आणि चारी बाजूंनी काळी कड होती. त्यांच्या देशाची रीत मला कोणी सांगितली नव्हती, पण काळी कड कळायला काय लागते? गणूमामा निघून गेले. मी पाकीट दोन बोटांत धरून फाटकात उभी राहिले. आत न्यायचे म्हणजे बाईंच्या घरात मरण मीच नेऊन ठेवायचे, तेही या पंधरवड्यात. फाटकाच्या दगडी खांबाला दिवा ठेवायची देवळी होती. मी पाकीट तिच्यात ठेवले आणि वर एक कौलाचा तुकडा ठेवला. आल्या की इथेच वाचतील, पाय धुतील, मग आत जातील. असा मी सगळा विचार केला होता. नळाशी पाण्याची बादली भरून ठेवली होती. मग बंगल्याला कुलूप लावून मी मंगळवार पेठेत आमच्या घरी आले.

चारच्या सुमाराला पाऊस आला. मी डाळ वाटत होते. आधी दोरीवरचे कपडे आठवले, ते काढले. मग पाकीट आठवले. मी पदर डोक्यावर घेतला तशी आत्याबाईंनी विचारले, "कुठं गं पावसात? उद्या म्हाळ हाय, डाळ कोण वाटनार?" मी उंबऱ्यात उभी राहिले. देवळी खोल आहे, असे मनाशी म्हटले. कौल ठेवले आहे, असेही म्हटले. आणि पदर खाली घेतला.

मी गेले नाही. पुढचे सगळे एका बाजूला आणि हे एका बाजूला आहे. दीड कोस चालायचे होते.

सकाळी गेले तेव्हा बाई आणि साहेब मुंबईहून परत आलेले होते. बाई फाटकातच उभ्या होत्या. अंगावर प्रवासाचेच कपडे. खांबाच्या माथ्याला चीर होती, ती मी कधी पाहिली नव्हती. तिच्यातून रात्रभर पाणी देवळीत उतरले होते आणि पाकीट त्यात पडून होते.

आत एक छापील कार्ड होते, आईचे नाव आणि तारीख. एक चिठ्ठी मावशीची होती, शिसपेन्सिलीने लिहिलेली, ती वाचता आली. रणगाडे गेल्यावर चौथ्या दिवशी आई खिडकीशी खुर्चीत बसलेली सापडली. समोर तुला लिहायला घेतलेले पत्र होते, ते आहे तसे पाठवते. आणि त्या चिठ्ठीबरोबर चार कागद होते, हिशेबाच्या वहीचे. शाईने लिहिलेले. सगळी जांभळी शाई फुटून एकमेकांत मिसळली होती. चौकटीसुद्धा राहिल्या नव्हत्या.

साहेबांनी विचारले, "हे इथे कोणी ठेवले?"

मी म्हणाले, "पोस्टमननं ठेवलं आसंल."

माझ्या तोंडातून शब्द निघत नाही म्हणतात. तो मात्र लगेच निघाला.

बाईंनी ते कागद ओट्यावर कापड घालून सुकवले, वरून कोमट इस्त्री फिरवली, खिडकीच्या काचेला लावून पाहिले. पहिल्या कागदाचा वरचा भाग घडीत राहिला होता. तिथे एकच शब्द धड उरला होता. बाईंनी तो मला दाखवला. "घड्याळ," त्या म्हणाल्या. "घड्याळ काय? मागं हाय? बंद पडलं? काय?" त्या मला विचारत नव्हत्या, तरी मला वाटले की मी उत्तर द्यायला पाहिजे.

दुपारी गणूमामा आले. साहेब व्हरांड्यातच होते. मी दाराआड उभी. साहेबांनी त्यांना मोडक्या हिंदीत फैलावर घेतले. गणूमामांनी एकदा माझ्याकडे पाहिले. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिले होते. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "चुकलं साहेब. घर बंद हुतं म्हनून ठेवलं. माझंच चुकलं."

मी त्यांच्यामागे फाटकाबाहेर पळत गेले. तेच सायकलवर हात ठेवून म्हणाले, "गप पोरी. मला दोन म्हैन्यानं घरीच बसायचं हाय, मला कोन काय करतंय? तुझी चूल बंद पडंल. पर त्यास्नी कधी तरी सांग. माझ्या नावावर ठेवू नको जलमभर."

सर्वपित्री अमावास्येला बाईंनी मला विचारले की तुम्ही गेलेल्या माणसांसाठी काय करता. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "आमचा एकच दिवस. थंडीत. सगळे स्मशानात मेणबत्त्या लावतात, लांबून टेकडी पेटल्यासारखी दिसते." मग एक मेणबत्ती घेऊन त्या बाहेर गेल्या. व्हरांड्यात वारा होता, ती टिकेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि ती फाटकाच्या देवळीत नेऊन लावली. तिथे छान टिकली. बाई मला म्हणाल्या, "बघ, जागा चांगली हाय."

तेव्हा सांगायचे होते. त्याहून सोपी वेळ पुढे आली नाही. मी काडेपेटी हातात घेऊन उभी राहिले.

थंडीत साहेबांना परत बोलावणे आले. साहेबांचे म्हणणे तिसऱ्याच देशात जावे, त्यांचे सोबती गेले होते. बाई ऐकेनात. "माझ्या आईच्या खिडकीत कोणी तरी बसाय पाहिजे," एवढेच त्या म्हणायच्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वीस रुपये दिले. बक्षिसी वेगळी दिली होती, हे तिकिटांचे. "म्हैन्याला एक पत्र. मराठीत लिही, मी सावकाश वाचते. माझी अक्षरं जाऊ द्यायची न्हाईत." आणि कागदावर पत्ता लिहून दिला, चौक, घराचा आकडा, वर्बिना.

जायच्या दिवशी मी पहाटे जाऊन फाटकापुढे रांगोळीने गाव काढले. अकरा कमानी, नऊ कमानी, विहीर, खांब, तळी, देवळामागची आळी. मनोऱ्यावर घड्याळाचा गोल काढला, पण काटे काढले नाहीत. बाई बॅग घेऊन आल्या आणि थबकल्या. साहेब सरळ मधून चालत गाडीकडे गेले, विहीर पुसली गेली. बाई चौकात पाय न ठेवता कडेकडेने, कमानींच्या ओळीच्या आतून, एकेक पाऊल टाकत गेल्या. गाडीपाशी जाऊन त्यांनी एकदा मागे पाहिले आणि त्यांना रडताना कोणी बघू नये म्हणून असेल, गाडीत बसून काच वर केली.

मी पत्र लिहिले नाही. कागद घेऊन बसायची. 'सौ. बाईंना' एवढे लिहून व्हायचे. मग वाटायचे, माझे हे अक्षर, ही शुद्धता, त्या गावात कचेरी आहे, सनद काचेखाली आहे, तिथे हे पोचणार. हे मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे मला कशाचेही लिहिता आले असते, पावसाचे, भाजीचे. पण गणूमामांचे न लिहिता बाकीचे कसे लिहायचे? वीस रुपये डब्यात राहिले. एकदा मंगलच्या वेळी माझ्या बाळंतपणात मोडले, पुन्हा घातले. बाईंचे एकदा कार्ड आले होते, चित्राचे, मागे मराठीत तीन शब्द. 'घड्याळ बंद हाय.' अक्षर माझ्यासारखेच होते, कारण माझ्याकडूनच आलेले. त्याचेही उत्तर मी दिले नाही. दुसरे कार्ड आले नाही.

गणूमामा या वर्षी आषाढात गेले. त्याआधी उचगावला त्यांच्या घरी मी भेटायला गेले होते. अंथरुणावर होते, ऐकू कमी येत होते. सून मोठ्याने म्हणाली, "पार्वतीकाकू आल्यात." त्यांनी डोळे उघडले आणि इतक्या वर्षांनी, जणू कालच फाटकात बोलणे अर्धे राहिले होते, तसे विचारले, "सांगितलंस का गं?"

मी मान हलवली. कशी हलवली ते त्यांना दिसले की नाही, कळले नाही.

घरी येऊन डबा काढला. वीस रुपये तेव्हा वर्षभर पुरले असते, आता परदेशी तिकिटे महाग झाली आहेत, चारच पत्रांचे पैसे झाले. पहिल्या पत्रात मी अक्षराची माफी मागितली. दुसऱ्यात सगळा भूगोल लिहिला, बाई विसरल्या असतील तर असू दे म्हणून. तिसऱ्यात आत्याबाई गेल्याचे, मंगलचे, बंगला पाडून तिथे मोठी इमारत झाली त्याचे, आणि फाटकाचा खांब गेल्याचे. एकाचेही उत्तर नाही. त्या खिडकीत आता कोण बसते मला माहीत नाही. बाई गावी पोचल्या एवढे त्या कार्डावरून कळते, पुढचे काही नाही. चौकाचे नाव पाचव्यांदा बदलले असेल तर माझी पत्रे कोणाच्या दारात पडत असतील तेही कळायला मार्ग नाही.

चौथे काल लिहिले. त्यात पाकीट, देवळी, पाऊस आणि डाळ एवढेच आहे. गणूमामांनी ठेवले नव्हते, मी ठेवले होते. पाऊस आल्यावर मला आठवले होते आणि मी आले नाही. अर्धेच पान झाले. पत्ता मी चित्र काढावे तसा काढते. तो लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आज दुपारी पोस्टात गेले. आभाळ भरून आले होते. खिडकीवरच्या बाबूने पत्र तोलले आणि तिकिटे दिली. डब्यातले थोडे सुटे पैसे उरले. मी ते पुढे सरकवले आणि म्हटले, "एवढ्याचं अजून एक द्या."

"लागत न्हाई मावशी. बास हाय एवढं."

"असू दे. द्या."

त्याने दिले. मी ते थुंकी लावून बाकीच्यांच्या शेजारी चिकटवले आणि पाकीट पेटीत न टाकता त्याच्या हातात दिले, कोरड्यात ठेवा म्हणून सांगितले. डबा रिकामा झाला. बाईंचे वीस रुपये पुरे फिटले.